जज आपण निवडून दिले तर?

हेडफोन लावून ऐकणाऱ्यांना नमस्कार, आणि एसटीत नेटवर्क जातं म्हणून हा भाग इथं वाचणाऱ्यांनाही नमस्कार. जसं बोलले तसंच जवळजवळ लिहून काढलंय, त्यामुळे भाषा थोडी बोलल्यासारखी वाटेल. चालवून घ्या.

आजचा विषय मला चहाच्या टपरीवर मिळाला. जुन्या श्रोत्यांना माहीत आहे की मी बारामतीत वकिली करते आणि घर इंदापूर तालुक्यात आहे. रोजचं येणं-जाणं. तर परवा दुपारच्या सुट्टीत एक तात्या भेटले. आमच्याच भागातले, सत्तरी ओलांडलेले, धोतर-टोपी आणि हातात कागदांची कापडी पिशवी. त्यांचा भावाबरोबर वाटपाचा दावा आहे. कुठल्या कोर्टात आणि किती वर्षांपासून, ते सोडा. एवढंच सांगते, दावा दाखल झाला तेव्हा त्यांचा नातू जन्मला नव्हता आणि आता तो गाडी चालवतो.

तात्यांनी चहा बशीत ओतला आणि मला म्हणाले, "पोरी, एक सांग. सरपंच आपण निवडतो. आमदार, खासदार आपण निवडतो. कारखान्याचं संचालक मंडळ आपण निवडतो. सोसायटीचा चेअरमनसुद्धा मतानं होतो. मग जजच तेवढा आपण का नाही निवडत? दर पाच वर्षांनी मत मागायला दारात आला असता, तर माझी तारीख अशी लांबली असती का?"

मी हसले. म्हटलं, "तात्या, काहीही काय!"

पण संध्याकाळी गाडीत बसल्यावर हसू गेलं. कारण मला उत्तर देता आलं नव्हतं. "आपल्याकडे तशी पद्धत नाही" हे काही उत्तर नाही. पद्धत का नाही, आणि असती तर काय झालं असतं, हा खरा प्रश्न. म्हणून गेले दोन आठवडे मी त्याच्या मागे लागले. जे सापडलं ते आज सांगते. आणि शेवटी माझ्या घरचीही एक गोष्ट सांगणार आहे, जी मी आजवर इथं सांगितलेली नाही.

जिथं जज निवडून येतात

पहिली गोष्ट, तात्यांची कल्पना वेडगळ नाही. अमेरिकेत हे दोनशे वर्षांपासून चालू आहे. तिथं देशाच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमतात, पण प्रत्येक राज्याची न्यायव्यवस्था वेगळी. आणि बहुतेक राज्यांत जजना कधी ना कधी मतदारांसमोर जावं लागतं.

मिसिसिपी या राज्यानं १८३२ मध्ये ठरवलं की आपले सगळे जज निवडून द्यायचे. पुढच्या काही दशकांत राज्यामागून राज्य त्याच वाटेनं गेलं. कारण काय? कारण आधी गव्हर्नर आणि विधिमंडळ आपल्या माणसांना जज करत होते. लोकांना वाटलं, खुर्ची आपल्या मतानं मिळाली तर जज आपलं ऐकेल. अगदी तात्यांचंच म्हणणं.

मग काय झालं, तर पक्षांनी ती निवडणूकही गिळली. तिकीट कोणाला द्यायचं हे पक्षाचे दादा लोक ठरवायला लागले. तेव्हा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दुसरी सुधारणा आली. निवडणूक ठेवायची, पण मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नको. उमेदवाराचं फक्त नाव. पक्षविरहित निवडणूक. आजही डझनभराहून जास्त राज्यांत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश असेच निवडले जातात.

ऐकायला किती छान वाटतं ना? पक्ष नाही, चिन्ह नाही, फक्त माणूस बघून मत.

आता तुम्ही बारामती-इंदापूरकडचे असाल तर आत्ताच गालातल्या गालात हसला असाल. कारण पक्षविरहित निवडणूक म्हणजे काय असतं हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

पॅनेल कुणाचं?

आपल्या ग्रामपंचायतीची निवडणूक कागदावर पक्षविरहित असते. पक्षाचं चिन्ह मिळत नाही. कुणाला कपबशी, कुणाला नारळ, कुणाला शिट्टी. पण गावात शेंबड्या पोराला विचारा, "हे पॅनेल कुणाचं?" ते नेता, पक्ष, भावकी सगळं सांगेल. आणि निकालाच्या दिवशी मुंबईत दोन-तीन पक्ष एकाच गावावर दावा सांगतात, ते वेगळंच.

साखर कारखान्याचंही तेच. बारामती तालुक्यातल्या माळेगाव सहकारी साखर कारखान्याची जून २०२५ ची निवडणूक आठवा. नावं काय होती? नीळकंठेश्वर पॅनेल, सहकार बचाव पॅनेल. मतपत्रिकेवर कुठंच पक्ष नाही. पण तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार स्वतः उमेदवार होते, आणि राज्यभरातले कॅमेरे शिवनगरला येऊन बसले होते. २१ पैकी २० जागा नीळकंठेश्वर पॅनेलनं जिंकल्या. ते बरं की वाईट, हा आजचा विषय नाही. सभासदांनी मत दिलं, त्यांचा कारखाना आहे, त्यांचा हक्क आहे. माझा मुद्दा एवढाच की चिन्ह काढलं म्हणून राजकारण निघत नाही. ते पॅनेलच्या नावाआड जाऊन बसतं.

अमेरिकेतही नेमकं हेच झालंय. विस्कॉन्सिन नावाचं राज्य आहे. तिथल्या सुप्रीम कोर्टाची निवडणूक कागदावर पक्षविरहित. १ एप्रिल २०२५ ला एका जागेसाठी मतदान झालं. सुसान क्रॉफर्ड विरुद्ध ब्रॅड शिमेल. मतपत्रिकेवर पक्ष नाही, पण एकीच्या मागे डेमोक्रॅट उभे, दुसऱ्याच्या मागे रिपब्लिकन, आणि हे सगळ्या देशाला माहीत. खर्च किती झाला? दोन्ही बाजूंचा मिळून सुमारे दहा कोटी डॉलर. आपल्या हिशोबात आठशे कोटींच्या वर. एका जजच्या खुर्चीसाठी!

टेस्लावाले इलॉन मस्क तिथं स्वतः उतरले. त्यांनी आणि त्यांच्याशी जोडलेल्या गटांनी दोन कोटी डॉलरपेक्षा जास्त पैसा ओतला. सभेत दोन मतदारांना दहा-दहा लाख डॉलरचे भलेमोठे चेक दिले. त्यांचा उमेदवार तरी हरला, क्रॉफर्ड जिंकल्या. पण विचार करा, जिंकणाऱ्या बाजूनंही कोट्यवधी डॉलर उभे केलेच होते. ते देणारे लोक उद्या कोर्टात येणारच नाहीत का?

देणगी आणि निकाल

हा काही माझ्या मनातला संशय नाही. याचं एक प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलंय. लक्ष देऊन ऐका, कारण मला तरी ही गोष्ट आपल्याच तालुक्यात घडल्यासारखी वाटली.

वेस्ट व्हर्जिनिया हे कोळशाच्या खाणींचं राज्य. तिथं ह्यू केपर्टन नावाच्या छोट्या खाणवाल्यानं मॅसी नावाच्या बड्या कोळसा कंपनीवर फसवणुकीचा दावा लावला. २००२ मध्ये ज्यूरीनं निकाल दिला, कंपनीनं पाच कोटी डॉलर भरपाई द्यावी. कंपनी अपिलात जाणार हे उघड होतं. पण त्याआधी राज्याच्या सुप्रीम कोर्टाची २००४ ची निवडणूक आली. कंपनीचे प्रमुख डॉन ब्लँकेनशिप यांनी ब्रेंट बेंजामिन या उमेदवारासाठी तीस लाख डॉलर खर्च केले. बेंजामिन निवडून आले. मग अपील त्याच कोर्टापुढे आलं. केपर्टन म्हणाले, साहेब, तुम्ही या प्रकरणातून बाजूला व्हा. बेंजामिन झाले नाहीत. आणि पाच कोटींचा निकाल तीन विरुद्ध दोन मतांनी फिरला. त्या तिघांत एक बेंजामिन.

२००९ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की त्यांनी बाजूला व्हायलाच हवं होतं. पण हा निकालसुद्धा पाच विरुद्ध चार असा काठावरचा. पुढं त्या राज्यानं उपाय काय केला माहिती आहे? २०१६ पासून जजच्या निवडणुकीतून पक्षाचं नाव काढून टाकलं. म्हणजे त्या प्रकरणात दुखणं होतं पैशाचं आणि औषध दिलं चिन्हाचं.

दुसरी बाजू पैशाची नाही, लोकांच्या रागाची आहे. आयोवा राज्याच्या सुप्रीम कोर्टानं २००९ मध्ये समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क दिला. निकाल एकमतानं होता. तिथं जजना गव्हर्नर नेमतात, पण काही वर्षांनी मतदारांना विचारतात, "यांना ठेवायचं की काढायचं?" २०१० मध्ये त्या निकालातल्या तीन न्यायाधीशांची ही मतदानाची पाळी आली. तिघांनाही लोकांनी घरी पाठवलं. लाच घेतली म्हणून नाही, काम केलं नाही म्हणूनही नाही. निकाल आवडला नाही म्हणून.

पेनसिल्व्हेनियातल्या शिक्षांच्या नोंदींचा अभ्यास झालाय. त्यात दिसलं की जजचं मतदान जवळ आलं की शिक्षा कडक होत जातात. आता तुम्हीच सांगा, आरोपीनं गुन्हा मतदानाच्या आधी केला की नंतर, यावर त्याची शिक्षा ठरावी?

आणि अगदी ताजं उदाहरण मेक्सिकोचं. १ जून २०२५ ला त्यांनी देशातले जज थेट लोकांकडून निवडायला घेतले, अगदी सुप्रीम कोर्टापर्यंत. मतपत्रिकेवर पक्ष नाही. नावं मात्र इतकी की लोक गोंधळून गेले. कुणाला मत द्यायचं त्याच्या छापील चिठ्ठ्या वाटल्या गेल्या. मतदान झालं जेमतेम १३ टक्के. म्हणजे दहातले नऊ जण घरीच बसले. पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्याच निवडणुकीतून ह्यूगो आगिलार हे मिश्तेक या आदिवासी समाजातले वकील सुप्रीम कोर्टाचे अध्यक्ष झाले. नेमणुकीच्या पद्धतीत असा माणूस त्या खुर्चीवर आला असता का, हा प्रश्न उरतोच.

आपल्याकडे जज येतो कुठून?

आता आपल्या घरात येऊ. तात्यांना आणि खरं सांगायचं तर बऱ्याच तरुण मुलांनाही हे माहीत नसतं, म्हणून थोडक्यात सांगते.

तालुक्याच्या कोर्टात बसणारे दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर आणि प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी हे एमपीएससीच्या परीक्षेतून येतात. पूर्व परीक्षा, मुख्य परीक्षा, मुलाखत. म्हणजे तुम्ही ज्या एमपीएससीच्या नावानं पुण्यात सदाशिव पेठेत खोली घेता, तीच एमपीएससी. २० मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की या परीक्षेसाठी आता किमान तीन वर्षं वकिली केलेली हवी. नेमणूक झाली की त्या जजवर ताबा असतो उच्च न्यायालयाचा. बदली, बढती, शिस्त, सगळं तिथून. साधारण तीन वर्षांनी बदली.

जिल्हा न्यायाधीश काही बढतीनं येतात, काही किमान सात वर्षं वकिली केलेल्यांमधून थेट भरले जातात. आणि उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती? तिथं येतं कॉलेजियम. म्हणजे वरिष्ठ न्यायमूर्तीच नावं सुचवतात आणि सरकार नेमणूक काढतं. घटनेत हा शब्द कुठंच नाही. १९९३ आणि १९९८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालांतून ही पद्धत पक्की झाली. २०१४ मध्ये संसदेनं तिच्या जागी राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग आणला. सुप्रीम कोर्टानं १६ ऑक्टोबर २०१५ ला चार विरुद्ध एक मतानं तो रद्द केला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा पेच आधीच ओळखला होता. २४ मे १९४९ ला संविधान सभेत यावर चर्चा झाली. कुणी म्हणत होतं, नेमणुकीला संसदेची मंजुरी घ्या. कुणी म्हणत होतं, सरन्यायाधीशांची संमती सक्तीची करा. बाबासाहेबांनी दोन्ही टोकं नाकारली. पहिल्यात राजकारणाचा दबाव येईल. आणि दुसऱ्याबद्दल ते म्हणाले त्याचा मथितार्थ असा, की सरन्यायाधीश कितीही थोर असले तरी शेवटी माणूसच आहेत, तुमच्या-आमच्यासारखे गुणदोष त्यांनाही आहेत. म्हणून सल्ला घ्यायचा, पण नकाराधिकार एकट्याच्या हातात द्यायचा नाही.

म्हणजे बघा, एका बाजूला राजकारण्यांची भीती, दुसऱ्या बाजूला बंद खोलीची भीती. दोन्ही खऱ्या आहेत. मार्च २०२५ मध्ये दिल्लीत एका न्यायमूर्तींच्या बंगल्यात आग लागली आणि जळालेल्या नोटा सापडल्याचा आरोप झाला. तेव्हा कितीतरी तरुणांनी मला मेसेज केले, "मॅडम, यांना कोण नेमतं? यांना कोण काढतं?" प्रश्न अगदी रास्त होता. न्यायमूर्तींना काढायचं तर संसदेच्या दोन्ही सभागृहांत खास बहुमत लागतं. इतकं अवघड ठेवलंय. मुद्दाम ठेवलंय.

गोतसभा, आणि रामशास्त्री

कुणी म्हणेल, आपल्याकडे पूर्वी गावच न्याय करायचं की. बरोबर आहे. मराठेशाहीत पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, देशमुख-देशपांडे बसून गोतसभा भरायची. वतनाचे, शिवेचे वाद तिथं ऐकले जायचे, आणि निवाड्याचा महजर लिहिला जायचा. सुपे, इंदापूर हे परगणे तर शहाजीराजांच्या जहागिरीतले. इथंही हेच चालायचं. पण गोतसभेत कोण बसायचं? वतनदार. ज्याला गावात वतन नाही, ज्याला वेशीच्या आत घेत नाहीत, त्याचं म्हणणं किती ऐकलं जात असेल?

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रात न्यायपंचायतीही होत्या. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात त्यांची तरतूद होती. गावागावांच्या गटासाठी एक न्यायपंचायत, आणि तिचे सदस्य ग्रामपंचायतींनी निवडून दिलेले. म्हणजे तात्या, निवडून आलेला जज आपल्याकडे झाला होता! पण १९७० च्या दशकात महाराष्ट्रानं त्या बंद केल्या. देशभर अशा पंचायतींबद्दल एकच तक्रार होती. गटबाजी. ज्याचा गट निवडून आला, त्याच्याच बाजूनं न्याय.

आणि दुसरीकडे रामशास्त्री प्रभुणे. त्यांना कुणी मत दिलं नव्हतं. पेशव्यांनीच नेमलेले. पण ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि ज्यांच्या हाती सत्ता होती त्या राघोबादादांनाच शास्त्रीबुवांनी दोषी धरलं. आणि पद सोडून निघून गेले. जज कुणी नेमला यापेक्षा, नेमणाऱ्याविरुद्ध निकाल देताना त्याच्या पायाखाली जमीन शिल्लक राहते का, हे महत्त्वाचं.

पण लगेच टाळ्या वाजवू नका. रामशास्त्री दर तालुक्याला एक असा मिळत नाही. म्हणून माणूस कसा मिळेल एवढ्यावर व्यवस्था उभी करता येत नाही.

आमच्या रस्त्याची गोष्ट

आता घरची गोष्ट.

आमची जमीन इंदापूर तालुक्यात आहे. फार नाही, अडीच एकर. ऊस आणि थोडा चारा. रानात जायचा रस्ता शेजारच्यांच्या बांधावरून. आज्ज्याच्या काळापासूनची वहिवाट. मी अकरावीत होते तेव्हा शेजारच्यांनी रस्त्यावर चर खणला आणि काट्या टाकल्या. कारण काय, तर ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत आमच्या दादांनी त्यांच्या पॅनेलला मत दिलं नाही असा त्यांचा समज.

त्या वर्षी तोड आली. टोळी आली, पण ट्रॅक्टर रानात जाईना. टोळीतल्या बायकांनी मोळ्या डोक्यावर घेऊन दुसऱ्याच्या वावरातून, जवळजवळ पाव किलोमीटर, रस्त्यावर आणून टाकल्या. टोळीनं जादा पैसे मागितले, आणि त्यांचं चुकलं नव्हतं. तोडलेला ऊस तीन दिवस उन्हात वाळला. वजनात किती गेलं ते दादांनी कधी सांगितलं नाही. त्या महिन्यात माझी क्लासची फी भरली नाही, त्यावरून मी समजले.

दादा गावात सगळ्यांकडे गेले. सरपंचांकडे, पंचांकडे, ज्यांच्या शब्दाला मान आहे त्या सगळ्यांकडे. प्रत्येक जण घरात बोलावून, पाणी देऊन म्हणायचा, "तुमचं खरं आहे, पण..." त्या "पण" च्या पुढं काय होतं ते मला फार नंतर कळलं. आमच्या भावकीची मतं चौदा. त्यांची दोनशेच्या वर. मत मागायला जाणारा माणूस चौदासाठी दोनशेंना दुखावत नाही. तो वाईट नसतो. त्याचा हिशोबच तसा असतो.

मग आम्ही कायद्याचा रस्ता धरला. रस्ता अडवला असेल तर मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदारांकडे जाता येतं, पण सहा महिन्यांच्या आत. आमचे सहा महिने गावात हात जोडण्यातच गेले होते. ऐकणाऱ्यांनो, एवढं एक लक्षात ठेवा. म्हणून दिवाणी दावा लावावा लागला. जज साहेब बाहेरच्या जिल्ह्यातले होते. आमचं गाव नकाशावर कुठं आहे हेही त्यांना माहीत नसावं. त्यांनी कमिशनर पाठवला, नकाशा मागवला, दोन्हीकडचं ऐकलं आणि चर बुजवून रस्ता खुला ठेवण्याचा तात्पुरता हुकूम दिला. त्यांनी आमची चौदा मतं मोजली नाहीत. त्यांना मोजायची गरजच नव्हती.

त्या दिवशी मी ठरवलं, वकील व्हायचं.

इथं गोष्ट संपवली असती तर छान वाटलं असतं. पण पुढचंही सांगते. त्या साहेबांची बदली झाली. नवीन आले, त्यांचीही झाली. अंतिम निकाल अजून व्हायचाय. दरम्यान मी बारावी झाले, कायदा शिकले, सनद घेतली. दादा गेल्या वर्षी गेले. आता वारस म्हणून माझं नाव त्या दाव्यात लागलंय. वकील मी आहे, आणि पक्षकारही मीच.

म्हणून मला दोन्ही गोष्टी माहीत आहेत. मतांची भीती नसलेला जज मिळाला म्हणून आमचं रान पडीक पडलं नाही. आणि जज कुणाला उत्तर द्यायला बांधील नाही, म्हणून दादांना निकाल न बघता जावं लागलं का? मी यावर खूप विचार केला. माझं उत्तर असं की नाही, कारण ते नाही. एका जजच्या पुढ्यात रोज किती प्रकरणं येतात ते मी आता दररोज बघते. १९८७ मध्ये विधी आयोगानं सांगितलं होतं की दहा लाख लोकांमागे पन्नास जज हवेत. आज मंजूर पदं दहा लाखांमागे एकवीसच्या आसपास आहेत. त्यातलीही सगळी भरलेली नसतात. निवडून आलेला जज या फायली दोन हातांनी कशा उपसणार होता? उलट, वर्षभर प्रचारात गेलं असतं.

मग आपण करायचं काय?

मत देऊन जज बदलता येत नाही, पण तालुक्यात कोर्ट किती, खोल्या किती, स्टाफ किती, याचा पैसा राज्य सरकार देतं. आणि ते सरकार आपल्या मतावर उभं असतं. पुढच्या वेळी आमदारकीचा उमेदवार दारात आला की रस्ता, पाणी विचाराल तसं हेही विचारा, "आमच्या तालुक्याला अजून एक कोर्ट कधी?" विचारल्यानं काम होतं. कोल्हापूरकरांनी कित्येक वर्षं लावून धरलं, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून तिथं मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. आता नीरा नदीच्या पलीकडचा अकलूजचा माणूस अपिलाला कोल्हापूरला जातो आणि अलीकडचा इंदापूरचा अजून मुंबई गाठतो.

दुसरं, हातात फोन आहे तो वापरा. ई-कोर्ट्सचं ॲप मोफत आहे. घरातल्या दाव्याचा सोळा अंकी सीएनआर नंबर त्यात टाकला की तारीख, हुकूम, कुठल्या टप्प्यावर अडलंय, सगळं दिसतं. तात्यांची पिशवी बघून मी तेच केलं. आणि कळलं की त्यांच्या शेवटच्या बऱ्याच तारखा जजमुळे नाही, तर त्यांच्याच बाजूनं एक कागद दाखल झाला नव्हता म्हणून गेल्या.

तिसरं, कॉलेजियमनं नावं का निवडली, का नाकारली, हे मागणं म्हणजे न्यायालयाचा अपमान नाही. उजेड मागणं वेगळं आणि खुर्ची मतपेटीत टाकणं वेगळं.

आणि चौथं. तुमच्यापैकी कुणी कायदा शिकत असेल, तर त्या परीक्षेला बसा. तिथं भावकी विचारत नाहीत.

परवा तात्या पुन्हा भेटले. तो कागद आता दाखल झालाय. मी त्यांना हे सगळं सांगितलं, अमेरिका, मेक्सिको, केपर्टन, आणि आमचा रस्तासुद्धा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मी विचारलं, "मग तात्या, आता काय म्हणता? जज निवडून द्यायचे?"

तात्यांनी बशी खाली ठेवली. म्हणाले, "माझ्या भावाच्या घरात मतं किती आहेत, ठाऊक आहे का तुला? नऊ. आणि माझ्यात तीन." मग पिशवी उचलली आणि म्हणाले, "राहू दे. पण तारीख जरा लवकरची घे."

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरात, भावकीत असा एखादा दावा चालू असेल आणि तुम्ही तो कधी समजून घेतला नसेल, तर आज रात्री जेवताना विचारा. काय कळलं ते मला नक्की कळवा. काळजी घ्या. भेटूया पुढच्या भागात.